लेहला पहिल्यांदा जाताना: आधी गाव, मग खिंडी

महाराष्ट्रातून लेहला निघालेल्या बहुतेकांच्या हातात साधारण एकच आराखडा असतो. पहिल्या दिवशी विश्रांती, दुसऱ्या दिवशी सकाळी खार्दुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोरं, तिथून पँगाँग सरोवर, मग परत आणि विमान. लेह शहर त्यात फक्त रात्री पाठ टेकण्यापुरतं. मीही पहिल्यांदा असाच गेलो होतो. दुसऱ्या दिवशी खिंडीत गाडीतून उतरलो, दहा पावलं चाललो आणि रस्त्याच्या कडेला बसून उलट्या केल्या. ती रात्र नाकाला ऑक्सिजनची नळी लावून काढली. उरलेले दिवस खोलीच्या खिडकीतून स्तोक कांग्रीचं शिखर बघण्यात गेले.

त्यानंतर पुन्हा पुन्हा गेलो, एकदा लेहच्या चांगस्पा भागातल्या एका घरात दीड महिना राहिलो. आता कोणी विचारलं की एवढंच सांगतो: क्रम बदला. आधी लेह, मग सिंधूच्या काठची खालची गावं, आणि उंच खिंडी सगळ्यात शेवटी. शरीराला हाच क्रम मानवतो. गावाची ओळखही अशीच होते.

तिकीट काढण्याआधी उंचीचा हिशोब

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हवेत ऑक्सिजन इथेही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम ६५ टक्के. त्यामुळे श्वास तेवढाच घेतला तरी पदरात कमी पडतं. खार्दुंग लाला तर दाब निम्म्यावर येतो. (लडाखीत ‘ला’ म्हणजे खिंड आणि ‘त्सो’ म्हणजे सरोवर. हे दोन शब्द कळले की अर्धा नकाशा वाचता येतो.)

दिवसा किती उंच चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला जास्त महत्त्व आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा आणि गिर्यारोहकांचा सर्वसाधारण नियम आहे. विमानाने आलात तर तुम्ही तो नियम उतरतानाच मोडलेला असतो. पहिले दोन दिवस निवांत राहायचं ते याची भरपाई म्हणून.

आता मुक्कामाच्या जागा उंचीप्रमाणे लावून पाहा. आल्ची आणि निम्मू ही गावं सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली. नुब्रातलं दिस्कितही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे, फक्त तिथे पोचायला ५,३५९ मीटरची खिंड ओलांडावी लागते. पँगाँगचा काठ ४,२०० मीटरच्या वर, त्सो मोरिरी ४,५०० मीटरच्या आसपास. एवढं कागदावर मांडलं की सहलीचा क्रम आपोआप ठरतो. लेहमध्ये तीन रात्री, पश्चिमेकडे शाम भागात एक-दोन, मग नुब्रा, आणि सरोवरं शेवटी. याला किमान नऊ-दहा दिवस हवेत. रजा सातच दिवसांची असेल तर पँगाँग सोडा. निळं पाणी बघायचं राहिलं म्हणून सगळ्यांना वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे, तरी सोडाच.

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया यातलं काही असेल तर तिकिटाआधी डॉक्टरांना भेटा. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारात डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, उंचीवर जायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. ती घ्यायची का आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. आपल्याकडची माणसं कापराची पुडी रुमालात बांधून नेतात. कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, बरंही वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. पुडी जवळ ठेवायला हरकत नाही, तिच्या भरवशावर खिंड चढू नका.

कधी जायचं

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. जून ते ऑगस्ट गर्दी असते. ताजी जर्दाळू खायची असतील तर जुलैची अखेर आणि ऑगस्ट. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा: गर्दी ओसरलेली, आकाश धुतल्यासारखं, शेतांत कापलेल्या सातूच्या पेंढ्या, आणि महिना सरता सरता पॉपलरची झाडं पिवळी पडायला लागतात.

लेहला वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे १०० मिलिमीटर. महाबळेश्वरला जुलैतल्या एखाद्या दिवशी याहून जास्त कोसळतो. म्हणूनच इथली घरं मातीच्या विटांची आणि सपाट माळवदाची. आणि म्हणूनच जोराचा पाऊस इथे आपत्ती ठरतो. ऑगस्ट २०१० मध्ये एका रात्री ढगफुटी झाली आणि उघड्या डोंगरांवरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने माणसं, घरं, रस्ते सगळं नेलं. ओढ्याचं पात्र कितीही कोरडं ठणठणीत दिसलं तरी तिथे तंबू ठोकू नका, आणि पाऊस लागला असेल तर त्या दिवशीचा प्रवास पुढे ढकला.

हिवाळ्याचा लेह वेगळाच असतो. पारा उणे २० पर्यंत उतरतो, नळ गोठतात, बरीच हॉटेलं बंद असतात. पहिल्या खेपेला तो नको.

वर कसं पोचायचं

तीन वाटा आहेत. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात पोचवतं. विमानं बहुतेक सकाळची असतात, कारण दुपारनंतर दरीत वारा सुटतो आणि तापलेल्या विरळ हवेत उड्डाण अवघड होतं. सकाळीच पोचल्यामुळे ‘अख्खा दिवस हातात आहे, जरा फिरून येऊ’ असा मोह होतो. तो आवरा.

श्रीनगरहून रस्ता सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा, दोन दिवसांचा, मध्ये कारगिलला मुक्काम. नवख्या माणसाला मी हाच रस्ता सुचवतो. कारगिल २,७०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे शरीर पायरीपायरीने वर येतं. वाटेतली सगळ्यात उंच खिंड फोतू ला, ४,१०० मीटरची, पण ती दिवसा ओलांडून तुम्ही खाली उतरता. झोजी ला हिवाळ्यात बर्फाखाली जाते. ती उघडण्याची तारीख दर वर्षी वेगळी असते.

मनालीहून येणारा रस्ता देखणा, पण कठोर. २०२० मध्ये ९ किलोमीटरचा अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही. पण पुढे बारालाचा ला, लाचुंग ला, तांगलांग ला अशा एकापाठोपाठ एक खिंडी आहेत. या रस्त्यावरची नेहमीची चूक म्हणजे सरचूच्या तंबूंत मुक्काम करणं. सरचू ४,२०० मीटरच्या वर आहे. मनालीहून सकाळी निघालेला माणूस रात्री एकदम त्या उंचीवर झोपला की डोकं ठणकणारच. त्यापेक्षा केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री काढा आणि तिथून पहाटे निघून लेहपर्यंतचा लांब पल्ला एका दिवसात गाठा. परतीला मात्र मनालीचा रस्ता छान, कारण तोवर अंगात उंची मुरलेली असते.

पहिले अठ्ठेचाळीस तास

इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण सहल बिघडते ती याच दोन दिवसांत.

खोलीवर पोचलात की सामान दुसऱ्याला उचलू द्या. खोली शक्यतो तळमजल्यावर मागा. पहिल्या दिवशी दोन जिनेसुद्धा छातीला कळतात. पडून राहा, पण दिवसभर गाढ झोपू नका. झोपेत श्वास मंदावतो आणि उठल्यावर डोकं जड होतं. खुर्ची टाकून सावलीत बसा, थोडं वाचा, अंगणात चार फेऱ्या मारा. जेवण हलकं ठेवा. थुक्पा (नूडल्सचं सूप) किंवा साधा वरणभात पुरे. पाणी तहानेपेक्षा थोडं जास्त प्या, पण ‘रोज सहा लिटर’ वगैरे ऐकीव आकड्यांच्या नादी लागू नका. लघवीचा रंग फिकट असला म्हणजे पुरेसं झालं. दारू, सिगारेट आणि झोपेच्या गोळ्या या दोन दिवसांत पूर्ण बंद.

पहिल्या रात्री झोप मोडते. मध्येच दचकून जाग येते, क्षणभर श्वास थांबल्यासारखा वाटतो. घाबरू नका, या उंचीवर झोपेत श्वासाची लय अशी मागेपुढे होते. हलकी डोकेदुखी, मंद भूक, चढावर धाप हेही बहुतेकांना होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं.

सोबत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर आकडा ९० च्या खाली दिसेल. मुंबईच्या आकड्याशी तुलना करू नका. सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा आणि आकडा वर सरकतोय की खाली, तेवढं पाहा. आणि आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा. डोकेदुखीबरोबर उलट्या थांबत नसतील, तर आणखी वर जाणं रद्द. स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, खोकला सुटला असेल, छातीतून घरघर येत असेल, तर फुप्फुसात पाणी साठत असू शकतं. बोलणं असंबद्ध होत असेल किंवा चाल अडखळत असेल, तर मेंदूला सूज येत असू शकते. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. फरशीच्या सांध्यावरून, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत, दहा पावलं सरळ चालायला सांगा. तोल गेला तर सकाळची वाट पाहू नका.

अशा वेळी लेहच्या सोनम नोर्बू स्मारक रुग्णालयात जायचं. उंचीच्या त्रासाचे रुग्ण तिथे पूर्ण हंगामभर येत असतात आणि ऑक्सिजन लावण्यात कोणाला नवल वाटत नाही. लाज वाटून खोलीत पडून राहणारी माणसं मी पाहिली आहेत, विशेषतः ग्रुपबरोबर आलेली. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको’ ही भावना चांगली असली तरी इथे ती जिवावर बेतू शकते. लेहहून झटकन खाली उतरायला जागा नाही, हे लक्षात ठेवा. सिंधूची दरीच ३,००० मीटरवर आहे. त्यामुळे दुखणं वाढलं तर पुढचा उपाय दिल्लीचं विमान हाच उरतो, आणि तेही सकाळीच मिळणार.

तिसरा दिवस: पायी लेह

तिसऱ्या दिवशी सकाळी पायांत थोडी हुशारी येते. गाडी सांगू नका, चालत निघा.

मुख्य बाजारापासून सुरुवात करा. इथे वाहनांना बंदी आहे. फुटपाथवर ओळीने बसलेल्या बायका आपल्याच शेतातली भाजी विकतात: पालक, मुळे, गाजरं, हंगामात जर्दाळू. वयस्क बाईला ‘आमा-ले’ म्हणायचं, आजोबांच्या वयाच्या माणसाला ‘मेमे-ले’, मोठ्या भावासारख्याला ‘आचो-ले’. शेवटचा ‘ले’ आपल्या ‘जी’सारखा आदराचा. आणि ‘जुले’ हा शब्द नमस्काराला चालतो, आभाराला चालतो, निरोपालाही चालतो. पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने वापरा, समोरचा चेहरा खुलतो.

बाजाराच्या वरच्या टोकाला सतराव्या शतकातली जामा मशीद आहे. तिच्या मागच्या गल्लीत नानवाईंचे, म्हणजे रोटी भाजणाऱ्यांचे, तंदूर आहेत. सकाळी लवकर गेलात तर गरम तागी, म्हणजे इथली रोटी, हातात मिळते. कागदात गुंडाळून तिथेच उभ्याने खा. त्या गल्लीत उभं राहिलं की लेह कशामुळे वसलं ते दिसतं. यारकंद, काश्मीर, तिबेट आणि पंजाब या चारही दिशांचे तांडे इथे एकत्र यायचे. पश्मिना, चहा, रेशीम, मसाले यांची उलाढाल इथे व्हायची. जवळच्या त्सास सोमा बागेतलं मध्य आशियाई संग्रहालय याच व्यापाराचं आहे. तिथे एक तास राखून ठेवा.

तिथून जुन्या गावाच्या बोळांतून राजवाड्याकडे चढा. नऊ मजल्यांचा हा वाडा सेंगे नामग्याल राजाने सतराव्या शतकात बांधवला. पुढे जम्मूच्या डोग्रांनी लडाख जिंकल्यावर राजघराणं सिंधूपलीकडच्या स्तोकला गेलं. आत दरवाजे ठेंगणे आणि जिने अंधारे आहेत, डोकं सांभाळा. गच्चीवरून गाव एका नजरेत येतं: मातीच्या रंगाची माळवदं, मध्येच हिरवी शेतं, आणि हिरवळ जिथे संपते तिथे एका रेषेत सुरू होणारं वाळवंट. ती रेषा नीट पाहा. पाटाचं पाणी तिथपर्यंतच पोचतं.

संध्याकाळी चांगस्पाच्या बाजूने शांती स्तूप. १९९१ चा हा पांढरा स्तूप जपानी भिक्खू ग्योम्यो नाकामुरा यांच्या प्रयत्नांतून झाला. पायथ्यापासून पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत. तिसऱ्या दिवशी त्या चढायचा हट्ट नको, वरपर्यंत गाडीरस्ता आहे. पायऱ्या शेवटच्या दिवसासाठी ठेवा. न थांबता चढलात की अंगात उंची किती मुरली ते कळेल.

अंधार पडल्यावर एकट्याने गल्ल्यांत फिरू नका. लेहमध्ये भटकी कुत्री पुष्कळ आहेत आणि रात्री ती टोळीने फिरतात. जावंच लागलं तर हातात विजेरी ठेवा.

एक बादली पाणी

चांगस्पातल्या घरी पहिल्या सकाळी आमा-लेंनी मला अंघोळीसाठी एक बादली आणि एक तांब्या आणून दिला. बादली पूर्ण भरलेली नव्हती. त्यांनी हाताने खूण करून दाखवलं, एवढ्यात होतं. मी रोज त्यातच भागवायला लागलो आणि खरंच भागलं.

लेहचं सगळं पाणी वरच्या बर्फाचं. उन्हाळ्यात बर्फ वितळतं, ओढ्यातून येतं, पाटांनी शेतांत जातं. ते वाटून देणाऱ्या माणसाला चुरपोन म्हणतात. आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखाच. शंकर गोम्पाकडे (गोम्पा म्हणजे बौद्ध मठ) शेतांमधून जाणारी पायवाट आहे, त्या वाटेवर मी एकाला काम करताना पाहिलं. खोऱ्याने एका पाटाचं तोंड उघडलं, दुसऱ्यात दगड, मातीचं ढेकूळ आणि जुन्या चिंध्यांचा बोळा ठासला. पाणी वळलं, सातूच्या वाफ्यात शिरलं, आणि तो बांधावर उकिडवा बसून ते शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर बघत राहिला. दारं धरणारा आपला शेतकरी असाच बसतो. वसंतात पेरणीच्या वेळी ओढ्यांना पाणी नसतं, म्हणून चेवांग नोर्फेल यांनी हिवाळ्यातलं पाणी उतारावर अडवून गोठवलं आणि कृत्रिम हिमनद्या केल्या. सोनम वांगचुक यांनी पुढे तेच पाणी शंकूच्या आकारात उभं गोठवलं. त्याला बर्फाचा स्तूप म्हणतात.

आता हॉटेलं वाढली, तसे बोअर वाढले. शॉवर आणि फ्लशचं पाणी जमिनीतून उपसलं जातं आणि मैला खड्ड्यांत मुरतो. जुन्या लडाखी घरात कोरडा संडास असायचा. वर भोक, खाली खोली, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. माती टाकायची, पाणी नाही. वर्षाने त्याचं खत होऊन शेतात जायचं. घरगुती मुक्कामात तुम्हाला तो अजून भेटेल. नाक मुरडू नका, वास फारसा येत नाही आणि एक थेंब पाणी लागत नाही. हॉटेलात असाल तर बादलीने अंघोळ करा, टॉवेल रोज धुवायला टाकू नका, आणि प्लास्टिकच्या बाटल्या विकत न घेता घरून आणलेली बाटली गाळलेल्या किंवा उकळलेल्या पाण्याने भरून घ्या.

चौथा-पाचवा दिवस: सिंधूच्या काठाने

आता गाडी घ्या, पण खाली जाण्यासाठी. पश्चिमेला निम्मूच्या अलीकडे रस्त्यावरूनच सिंधू आणि झंस्कार यांचा संगम दिसतो. दोन नद्यांचे रंग वेगळे, आणि बराच वेळ ते शेजारी शेजारी वाहतात. पुढे बास्गोचा पडका किल्ला, आणि मग आल्ची.

आल्चीसाठी मी काहीही सोडेन. बाहेरून साधं, गावातल्या घरांसारखंच दिसणारं हे देवालय आत काश्मिरी कारागिरांच्या हातच्या चित्रांनी भरलेलं आहे, साधारण अकराव्या-बाराव्या शतकातल्या. उभ्या बोधिसत्त्वांच्या धोतरांवर बोटभर उंचीचे महाल आणि घोडेस्वार रंगवले आहेत. आत अंधार असतो आणि फोटो काढता येत नाहीत, ते बरंच आहे. डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं उभं राहावं लागतं, तेव्हा कुठे भिंती हळूहळू दिसायला लागतात. आल्चीतच एका घरी मुक्काम करा. लेहपेक्षा ४०० मीटर खाली झोप कशी लागते ते अनुभवा.

पूर्वेकडची फेरी एका दिवसाची: शे, थिकसे, हेमिस. थिकसेला पहाटेच्या प्रार्थनेला पोचा. लेहपासून फक्त १९ किलोमीटर आहे. लहान लामा मोठ्या किटल्यांतून मीठ-लोण्याचा गुरगुर चहा वाढत फिरतात. तुमच्यापुढेही पेला आला तर चहा समजून पिऊ नका, पातळ सूप समजून प्या, मग आवडतो. हेमिसचा मुखवटानृत्यांचा उत्सव जून-जुलैत तिथीप्रमाणे येतो. त्या दिवसांत खोली आधीच ठरवून ठेवावी लागते.

गोम्पात वागायची रीत आपल्याला सोपी आहे. बूट बाहेर, टोपी काढून, आणि सगळीकडे प्रदक्षिणेच्या दिशेने. मंत्र कोरलेल्या दगडांची मणी-भिंत किंवा छोर्तेन (स्तूप) वाटेत आलं तर ते उजव्या हाताला ठेवून जायचं. प्रार्थनाचक्रंही त्याच दिशेने फिरवायची. मणी-भिंतीवरचा दगड आठवण म्हणून उचलू नका. कोणीतरी नवस म्हणून तो कोरून ठेवलेला असतो.

मग खिंडी

पाच-सहा रात्री झाल्यावर नुब्रा. खार्दुंग लाच्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असायचं. प्रत्यक्ष मोजणीत खिंड सुमारे १७,५८२ फुटांची भरते. फोटो काढा, चहा घेऊ नका, पंधरा मिनिटांत उतारावर लागा. नुब्रात दोन रात्री ठेवा. हुंदरच्या वाळूत दोन वशिंडांचे उंट दिसतात, ते जुन्या व्यापारी तांड्यांच्या उंटांचे वंशज. जमलं तर एक रात्र तुरतुकला. बाल्टी बोलणाऱ्या लोकांचं हे गाव १९७१ च्या युद्धात भारतात आलं. घरांभोवती जर्दाळू आणि अक्रोड, आणि उंची जेमतेम ३,००० मीटर, त्यामुळे झोप गाढ.

पँगाँगला एकच रात्र, तीही वरचं सगळं झाल्यावर. वारा दुपारपासून सुटतो, रात्री कपाटातले सगळे कपडे कमी पडतात.

नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरी, हानले हे सीमेजवळचे भाग आहेत. परवाना आणि पर्यावरण शुल्क यांचे नियम अधूनमधून बदलतात. त्या हंगामात काय लागतं ते खोलीवाल्यांना किंवा गाडीवाल्यांना आल्या दिवशीच विचारा आणि कागद निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत हातात घ्या. ओळखपत्राच्या चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवा, चौक्यांवर लागतात. टॅक्सीचे दर युनियनने ठरवलेले असतात, घासाघीस करत बसू नका, दरपत्रक मागून बघा. मनाली किंवा श्रीनगरहून भाड्याची मोटरसायकल आणली असेल तर ती लेहपर्यंतच. इथून पुढे फिरायला लेहमधली भाड्याची गाडी घ्यावी लागते, नाहीतर वाटेत अडवतात.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड नंबर आधीच करून घ्या आणि घरी सांगून ठेवा की दोन-दोन दिवस फोन लागणार नाही. पैसे लेहच्या बाजारातल्या एटीएममधून काढून मगच पुढे निघा. गॉगल, सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम आणि थरांत घालायचे कपडे या चार गोष्टी लेहच्या उन्हात आणि सावलीत एकाच वेळी लागतात. चेहरा उन्हात भाजत असतो तेव्हा सावलीतले पाय गारठलेले असतात.

परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. ढग उतरले की विमानं रद्द होतात आणि खिंडीत दरड आली की गाड्या अडकतात, दोन्ही नेहमीचं आहे. काहीच अडलं नाही तर तो दिवस बाजारात घालवा. फुटपाथवरच्या बायकांकडून सुकी जर्दाळू घ्या. पांढऱ्या बियांच्या जातीला रक्तसे कारपो म्हणतात, तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ती सगळ्यात गोड. आधी एक चाखून बघा, विकणारीच स्वतःहून हातावर ठेवते. बी दगडाने फोडून आतला गरही खातात, पण तो गोड आहे की कडू हे तिलाच विचारा. कडू निघाला तर थुंकून टाका, तो खायचा नसतो, त्याचं तेल काढतात.